शुगर उतरवताना डोळ्याचा पडदा कसा जपावा

रक्तातली साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या म्हणजे रेटिनातल्या पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-६, एमसीपी-१ यांसारखे दाह वाढवणारे रेणू सोडू लागतात. त्यामुळे पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांना आतून चिकटतात, वाहिन्या तुंबतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू कमी पडतो. मग पडदा व्हीईजीएफ हा रेणू जास्त बनवतो. तो वाहिन्यांचे सांधे सैल करतो आणि रक्तातलं पाणी व चरबी बाहेर झिरपते. हे झिरपणं मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी झालं की सूज येऊन अक्षरं धूसर किंवा वाकडी दिसतात.

मॅक्युलाच्या बाहेर हेच चालू असेल तर नजर मात्र सहा बाय सहा राहू शकते. म्हणून चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहायला हवा. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, टाइप १ मध्ये पहिल्या ५ वर्षांत, आणि पुढे साधारण दरवर्षी. मधुमेह असताना गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच, नाहीतर पहिल्या तिमाहीत. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि पुढे काही तास धूसर दिसतं. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.

आता शुगर. बहुतेक प्रौढांसाठी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ टक्क्यांच्या आत हे लक्ष्य असतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांनी काटेकोर नियंत्रण ठेवलं, तेव्हा पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती रुग्णांना फार कमी वेळा सांगितली जाते: वर्षानुवर्षं चढलेली शुगर झपाट्याने उतरली की आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो. तेव्हा एचबीएवनसी १० च्या वर असेल आणि इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइड हे शुगर उतरवणारं औषध सुरू होणार असेल, तर त्याआधी पडदा तपासून घ्या. त्यात दोष निघाला तर पुढची तपासणी किती महिन्यांनी, हे तेव्हाच ठरवून घ्या. या भीतीने औषध टाळू मात्र नका. लांबच्या हिशेबात फायदा नियंत्रणाचाच आहे.

घरी शुगर मोजताना उपाशीपोटी ८० ते १३० (मिग्रॅ/डेसीलिटर) आणि जेवण सुरू केल्यापासून २ तासांनी १८० च्या आत, हा सर्वसाधारण पल्ला. वयस्कर किंवा वारंवार शुगर उतरणाऱ्यांसाठी डॉक्टर तो सैल ठेवतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ चिरताना बोटाला लागलेला रस आकडा बराच चढवतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की ओल लागून पट्ट्या बिघडतात. ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी खोटा जास्त येऊ शकतो, म्हणून तो आणि घरचे आकडे जुळत नसतील तर हिमोग्लोबिन पाहून घ्या.

शुगर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. नवा चष्मा आकडे काही आठवडे स्थिरावल्यावरच करा.

रक्तदाबही तितकाच महत्त्वाचा आहे: टाइप २ वरच्या यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) तो सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवल्यावर पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं. दाह कमी व्हावा म्हणून वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. पडद्याला त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि मधुमेहात आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांना त्या घातक ठरू शकतात.

मॅक्युलाला सूज येऊन नजर कमी झाली असेल तर व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शनं डोळ्यात देतात, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला. दोन-तीन इंजेक्शनांनी दिसायला लागलं की बरेच जण येणं थांबवतात आणि सूज परतते. पुढचं इंजेक्शन कधी, हे ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर आणि सूज दाखवणारी तपासणी) पाहून ठरू द्या. स्टेरॉइडचं इंजेक्शन दाहाचे इतर रेणूही दाबतं, पण डोळ्याचा दाब वाढवू शकतं आणि मोतीबिंदूला गती देतं, म्हणून दाब ठरल्या तारखांना मोजून घ्या. कोणत्याही इंजेक्शननंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर घटली, तर जंतुसंसर्गाची शंका धरून त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.