न्यू इंग्लंडमधल्या वसाहतकाराचे मूळ गाव कसे शोधावे

सतराव्या शतकात इंग्लंडमधून न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्ससारख्या वसाहतींत, येऊन राहिलेल्या माणसाची वंशावळ लावताना, कागदोपत्री पक्क्या असलेल्या अलीकडच्या पिढीपासून एकेक पाऊल मागे जावे. १८५० च्या जनगणनेत प्रथमच कुटुंबप्रमुखाखेरीज इतरांची नावे आली, म्हणून त्याआधीच्या काळासाठी नगरांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते पाहावीत. मृत्युपत्रातील ‘कझिन’ हा पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असतो, आणि ‘सीनियर’ व ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही. इथपर्यंत चिकाटी पुरते.

तारखा मात्र जपून वाचाव्यात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे एप्रिल १६४१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६४१ मध्ये मुलाचा बाप्तिस्मा अशी नोंद दिसली, तर ते मूल लग्नाआधीचे नव्हे, दहा महिन्यांनंतरचे होय. आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६४२.

खरी कसोटी लागते ती समुद्र ओलांडताना. प्रवाशांच्या याद्या फार थोड्या उरल्या आहेत, आणि इंग्लंडमधील चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होत असल्या, तरी त्यांत एकाच नावाची माणसे गावोगाव सापडतात. नाव जुळले आणि वयही साधारण बसले की ‘मूळ पुरुष मिळाला’ असे सांगणारे सल्ले मी आता वाचतसुद्धा नाही. माझ्या जावयाच्या आजीसाठी मी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील एका बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून चार पिढ्या उभ्या केल्या होत्या. पुढे त्याच वहीची दफनाची पाने उलटली, तेव्हा तो मुलगा दुसऱ्या वर्षीच गेल्याचे दिसले. म्हणून बाप्तिस्मा सापडताच त्याच गावातील दफने आणि नंतरची लग्ने तपासावीत, आणि तो माणूस तिथेच राहिला किंवा वारला नाही ना, याची आधी खात्री करावी.

मग पुरावा कशाला म्हणावे? इंग्लंडमधील एखाद्या मृत्युपत्रात ‘न्यू इंग्लंडमधील माझा मुलगा’ असा उल्लेख असेल, तर त्याहून भक्कम काही नाही. तो नसेल, तर बायको आणि थोरल्या मुलांची नावे दोन्हीकडे जुळतात का आणि शेजारी कुठले होते, हे पाहावे, कारण एका गावचे लोक बरेचदा मिळून निघत. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हिंगमच्या लोकांनी तर १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील आपल्या नव्या गावालाही हिंगम हेच नाव दिले.

राजघराण्यापर्यंत पोहोचणाऱ्या जुन्या छापील वंशावळींवर विसंबू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव्ह आंजू याने श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकल्या, आणि त्यांतील नावे आजही एकमेकांच्या वंशवृक्षांतून उतरवून घेतली जातात. (आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे कुलवृत्तांतांत पिढ्या घसरतात, पण निदान ती चूक प्रामाणिक असते.)

एवढे करूनही दुवा मिळाला नाही, तर ‘मूळ गाव अज्ञात’ असे लिहून थांबावे. आजींच्या तक्त्यात ती जागा अजून तशीच आहे.