पाढे पाठ असूनही अडणाऱ्या मुलांसाठी घरगुती खेळ

सातचा पाढा एका दमात म्हणणाऱ्या मुलाला ‘सात आठी किती?’ असे मध्येच विचारले, की पुष्कळदा ते मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून पुन्हा सुरुवात करते. पाढा त्याला चालीत पाठ असतो, सुटा येत नाही. म्हणून घरी खेळ तयार करताना एक पथ्य पाळावे : खेळात पाढ्याचा क्रम मोडला गेला पाहिजे आणि जमल्यास उत्तराकडून गुणाकाराकडे उलटेही जावे लागले पाहिजे.

काम वाटते तेवढे मोठे नाही, हे आधी मुलाला दाखवावे. १ आणि १० चे गुणाकार वगळले आणि ‘सात आठी’ व ‘आठ साती’ एकच धरले, तर २ ते ९ या अंकांच्या ३६ जोड्या उरतात. त्यांतून बहुतेकांना सहज येणाऱ्या २ आणि ५ च्या जोड्या काढल्या, की राहतात फक्त २१. खरी मेहनत याच एकवीस जोड्यांवर घ्यायची आहे.

दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी चिंचोक्यांसारखे साहित्य नाही. उन्हाळ्यात चिंच फोडली जाते तेव्हा धुऊन, वाळवून डबाभर ठेवावेत. (घरात रांगते मूल असेल तर डबा उंचावर ठेवावा.) मुलाला २४ चिंचोके देऊन सारख्या ओळींत मांडायला सांगावे. तीन ओळींत आठ-आठ, चार ओळींत सहा-सहा अशा मांडण्या सापडू लागल्या, की २३ चिंचोके देऊन तेच करायला सांगावे आणि एकाच लांब ओळीखेरीज काही का जमत नाही, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे. पुढे यातूनच स्पर्धा करता येते : मूठभर चिंचोके उचलावेत, फासा टाकावा, फाशावर पडेल तितक्या-तितक्यांच्या ओळी कराव्यात आणि शेवटी उरतील ते आपल्याजवळ ठेवावेत. ६ पडले तर पाचपर्यंत चिंचोके हाती लागू शकतात, १ पडले तर काहीच नाही, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते आणि भागाकाराची ओळख आपोआप होते.

चौकटीच्या वहीवरचा खेळ दोघांचा आहे. वीस बाय वीस चौकटींचा चौरस आखून प्रत्येकाने एक रंग घ्यावा. दोन फासे टाकून ३ आणि ५ पडले, तर तीन बाय पाच चौकटींचा आयत रंगवून त्यात १५ लिहावे. आयत आडवा काढायचा की उभा, हे खेळणाऱ्याने ठरवावे. जागा उरली नाही तर पाळी सोडावी. शेवटी आपापल्या आयतांची बेरीज करावी. ल्युडोच्या फाशांवर सहाच्या पुढचे अंक नसतात, त्यामुळे सरावलेल्या मुलांसाठी फाशांवर कागद चिकटवून ४ ते ९ हे अंक लिहावेत.

माझ्या मते सर्वांत उपयोगी पडते ती गुणाकाराची हौजी, कारण तिच्यात आजी-आजोबांपासून सगळे घर बसू शकते. वर सांगितलेल्या ३६ जोड्या चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकाव्यात. प्रत्येकाने तीन बाय तीनच्या चौकटीत आपल्या पसंतीची नऊ उत्तरे लिहावीत. पुकारणाऱ्याने ‘सहा साती’ म्हटले, की ज्याच्याकडे ४२ असेल त्याने ते खोडावे. पुकारताना उत्तर मात्र सांगू नये. काही डावांनंतर हुशार मुलाला कळते, की उत्तरे ३१ च आहेत आणि १२, १६, १८, २४, ३६ ही प्रत्येकी दोनदा येतात, म्हणून तीच निवडावीत. हे गुपित मोठ्यांनी आधी फोडू नये, कारण ते शोधताना मूल न सांगता उत्तरांवरून जोड्या काढत बसते.

पत्त्यांतून चित्रे, एक्के आणि दश्श्या काढून उरलेल्या ३२ पानांवर दोन-दोन पाने उलटत गुणाकार सांगण्याचा खेळ सर्वांना ठाऊक आहे. मात्र ‘जो आधी ओरडेल त्याची पाने’ हा नियम टाळावा आणि पाळीपाळीने खेळावे. नाहीतर सावकाश विचार करणारे मूल दोन डावांत खेळातून मन काढून घेते.

बुधवारी नाशिकच्या गंगाघाटावरच्या बाजारात मूल सोबत असेल, तर पंधरा रुपयांप्रमाणे मेथीच्या चार जुड्यांचे किती झाले, हे भाजीवालीच्या आधी त्याला सांगू द्यावे.

पाढे पक्के झालेल्या मुलांना एकेकाळी नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांच्या संख्यांचा शोध घ्यायला लावावे. ९ चा वर्ग ८१ आणि ८ अधिक १ म्हणजे पुन्हा ९. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. शंभराच्या आत अशा आणखी दोन दोन-अंकी संख्या आहेत, एवढेच सांगून मुलाला कागद-पेन्सिल द्यावी. एक पन्नाशीच्या थोडी पुढे आहे आणि दुसरी अगदी शंभराच्या उंबरठ्यावर, ही खूण मूल फारच कंटाळले तर द्यावी.