शब्दकोशातली ती छोटी उभी रेघ

पुण्यात कॉल सेंटरला लागलो तेव्हा माझं इंग्रजी व्याकरण पक्कं होतं. पहिल्याच आठवड्यात एका अमेरिकन बाईंनी मला तीनदा ‘सॉरी?’ विचारलं. शब्द होता ‘हॉटेल’. शेवटी स्पेलिंग सांगावं लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आपण ‘हॉ’वर जोर देतो. इंग्रजीत तो ‘टेल’वर असतो, त्याआधी नुसता हलका ‘हो’. मराठीत जोर कुठेही पडला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. त्यांचा कान मात्र जोरावरूनही शब्द ओळखतो.

मग शब्दकोश घेऊन बसलो आणि तिथेच फसलो. उच्चार दिलेला असतो त्यात वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. मी समजलो, रेघेच्या अलीकडच्या भागावर जोर. ‘हॉटेल’मध्ये ती ‘हो’नंतर होती, म्हणजे माझंच बरोबर! ‘डेव्हलप’मध्ये ‘डि’नंतर, ‘इव्हेंट’मध्ये ‘इ’नंतर. चार महिने रोज वीस शब्द असे उलटे घोकले. खरं तर रेघ जोराच्या भागाच्या आधी येते. पुन्हा सांगतो, आधी: रेघ दिसली की तिच्या पुढचा भाग ठासून म्हणायचा. ‘डि-व्हे-लप’मध्ये ‘व्हे’, ‘इ-व्हेंट’मध्ये ‘व्हेंट’.

मला हे कळलं ‘फोटोग्राफ’मुळे. तिथे रेघ पहिल्या अक्षराच्याही आधी होती, अलीकडे जोर द्यायला काही उरलंच नव्हतं. लगेच ‘फोटोग्राफर’ काढला. तिथे जोर सरकून ‘फ-टॉ-ग्रफर’ झाला होता, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर गेला होता. काही अमेरिकन शब्दकोश रेघ भागाच्या नंतर देतात, म्हणून सुरुवातीची खुणांची पानं वाचल्याशिवाय एकही शब्द पाठ करू नका.

घाबरू नका. जोर नसलेला स्वर बहुतेकदा आपल्या ‘अ’सारखा होतो, आणि तो आपल्या तोंडात जन्मापासून आहे. ‘बनाना’तला ‘ब’ तुम्ही आत्ताही बरोबर म्हणता.

उच्चार देवनागरीत लिहून देणाऱ्या क्लासच्या झेरॉक्स मात्र फेकून द्या. देवनागरीत जोर दिसतच नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’च्या (debt) स्पेलिंगमध्ये बी का, याला तिथे ‘पाठच करा’ एवढंच उत्तर मिळालं. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, लॅटिन मूळ दाखवायला पंडितांनी तो नंतर घुसवला. हे एकदा कळलं की स्पेलिंग विसरत नाही.

शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्या सरांपासूनही जपून. मुंबईच्या बोटीवर सावलीच्या बाजूची केबिन घेणाऱ्यांच्या तिकिटावर पी-ओ-एस-एच (‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना डावी बाजू, परतताना उजवी) अशी चार अक्षरं छापत, त्यावरून ‘पॉश’ आला, ही गोष्ट मी मुलाखतीत सांगितली. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. समोरच्या बाईंना ते माहीत होतं. ‘माँगूस’ आपल्या मुंगसावरून गेला, हे मात्र शब्दकोशांत नोंदलेलं आहे, ते खुशाल सांगा.

आज रात्री केंब्रिजचा मोफत ऑनलाइन शब्दकोश उघडा, त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज आहेत. ‘हॉटेल’, ‘डेव्हलप’, ‘इव्हेंट’, ‘सक्सेस’, ‘कमिटी’. आधी रेघ बघा, मग आवाज ऐका, आणि जोराच्या भागाला टेबलावर बोट आपटत प्रत्येक शब्द दहा वेळा म्हणा. पाचही शब्दांत बोट दुसऱ्या भागावरच आपटायला हवं.