विदेशी मालकाची कंपनी, आपली माणसं: या चुका टाळा

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, परदेशी साहेबासमोर 'जातलें सर' म्हणायचं नाही. कोकणीतला हा शब्द फार सोयीचा आहे. होईल, बघतो, जमलं तर करतो, आणि तुम्ही आता इथून हला, एवढे सगळे अर्थ त्यात मावतात. पेडण्याचा, डिचोलीचा किंवा रोज बांद्याहून येणारा माणूस त्यातला नेमका अर्थ सुरावरून ओळखतो. जर्मन साहेब सूर ऐकत नाही, वहीत तारीख लिहितो.

मी क्वालिटीत अठरा वर्षं काढली. आधी मालक जर्मन होते, मग कंपनी जपान्यांनी घेतली. या काळात जी भांडणं पाहिली त्यातली फारच थोडी खरोखर स्वभावाची होती. बाकीची 'हो', तारीख, आकडा आणि गप्प बसणं यांचे अर्थ दोन्हीकडे वेगळे असल्यामुळे पेटली.

'हो' म्हणून मोकळं होणं

एका गुरुवारी जर्मन साहेबाने टूलरूममधल्या आमच्या माणसाला विचारलं, फिक्स्चर (काम करताना पीस घट्ट धरून ठेवणारा साचा) उद्या तयार होईल ना? त्याने मान डोलावली. फिक्स्चरच्या पिना हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, बेळगावला गेल्या होत्या आणि परत यायच्या होत्या, हे त्याला बुधवारपासून ठाऊक होतं. त्याच्या लेखी मान डोलावण्याचा अर्थ 'तुमचं म्हणणं कळलं' एवढाच होता. शुक्रवारी दुपारी जर्मनीतले सहा जण स्क्रीनवर ट्रायल बघायला बसले आणि टेबलावर नुसती बेस प्लेट.

साहेब उशिरावरून चिडलाच नाही. त्याने एकच विचारलं, "तुला बुधवारी माहीत होतं?" "हो." "मग मला शुक्रवारी का कळतंय?" याला उत्तर नव्हतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं. त्याच्या हिशेबात ही सरळ लपवालपवी. दोघेही आपापल्या घरी शिकलेलं चांगलं वळण पाळत होते आणि दोघांनाही समोरचा वाईट वाटला.

यावर मला सापडलेला उपाय असा की 'हो' आणि 'नाही' दोन्ही टाळायचे. काय झालं, काय अडलं आणि पुढची बातमी कधी देणार, हे तीनच सांगायचं. "बेस प्लेट झाली. पिना आलेल्या नाहीत. उद्या अकरा वाजता बेळगावला फोन करून तुम्हाला कळवतो." आणि मग अकराला खरंच कळवायचं, पिना आल्या नसल्या तरीही. इथेच आपली गाडी घसरते. सांगण्यासारखं काही नसलं की आपण फोनच करत नाही.

हेच साहेबांनाही सांगण्यासारखं आहे. 'होईल ना?' असं विचारलंत तर 'होईल'च ऐकू येणार. 'काय काय राहिलंय?' असं विचारा.

जपान्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचं 'हाय' म्हणजे शब्दकोशात हो, पण बैठकीत बहुतेक वेळा 'ऐकतोय'. म्हणजे आपलीच मान, फक्त आवाजासकट. 'मुझुकाशी' म्हणजे कठीण, आणि धंद्याच्या बोलण्यात बहुधा नकारच. आमच्या विक्रीवाल्याने भाववाढ मागितली तेव्हा समोरच्या साहेबाने दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, कठीण आहे. आमचा गडी खूश. कठीण म्हणजे अशक्य नव्हे! त्याने सुधारलेलं कोटेशन तीनदा पाठवलं. चौथ्यांदा मी त्याला खुर्चीत बसवून ठेवला.

जपानी कंपनीत लागलात तर 'होरेनसो' हा शब्द लवकर कानावर येईल. होकोकु, रेनराकु, सोदान: अहवाल द्या, कळवा, सल्ला घ्या. या तिन्हींची पहिली अक्षरं जोडून शब्द झालाय, आणि जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेनसोच म्हणतात. आपल्याला दर तासाला वर खबर देणं म्हणजे चुगली किंवा लाचारी वाटते. त्यांना खबर न देणारा माणूस एकटाच काहीतरी शिजवतोय असं वाटतं.

स्वल्पविराम, आठवडा आणि कोन

ही माझी स्वतःची चूक. जर्मनीहून आलेल्या यादीत ग्रीससमोर '२,५०० किलो' लिहिलेलं होतं. तिकडे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजाराच्या जागी टिंब. म्हणजे ते होतं अडीच किलो. मी सही केली आणि खरेदी विभागाने अडीच हजार किलोची ऑर्डर काढली. वाचवलं ते मडगावच्या दुकानदाराने. त्याने फोन करून विचारलं, "साहेब, मशीन बसवताय की बोट?" तेव्हापासून बाहेरून आलेल्या प्रत्येक आकड्यापुढे मी पेन्सिलीने अक्षरी लिहितो. पोरं हसतात. हसू देत.

ड्रॉइंगचंही तसंच. आपल्याकडे आयटीआय आणि डिप्लोमात फर्स्ट अँगल शिकवतात, जर्मन ड्रॉइंगही त्याच पद्धतीची. जपानी आणि अमेरिकन मात्र थर्ड अँगल: वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या वर काढतात, आपण खाली काढतो. मालक बदलल्यावर पहिल्या महिन्यात आमच्याकडे डाव्या बाजूचे ब्रॅकेट उजवे होऊन निघाले, अख्खा लॉट भंगारात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, पद्धत सांगणारं कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं. मापाला हात लावण्याआधी ते बघा.

जर्मन माणूस तारीखही सांगत नाही, 'कावे ३८' म्हणतो, म्हणजे वर्षाचा अडतिसावा आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. आता आपली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, घ्या. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. त्यांच्या भाषेत अनुक्रमे आठवडा ३८, ३६ आणि ३५. २०२६ ची १४ सप्टेंबरला, म्हणजे परत ३८. दरवर्षी सरकणारा सण त्यांच्या डोक्यात बसत नाही. आपण आधी सांगत नाही, मग ऐनवेळी अर्धी लाइन रिकामी आणि रजेच्या अर्जांवर 'ताप'. एका साहेबाने हजेरीचा तक्ता समोर ठेवून मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की या भागात सप्टेंबरमध्ये कसली साथ येते. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला माणसं गावी गेलीत, हे त्या पठ्ठ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चवथीचा आठवडा जानेवारीतच प्लॅनमध्ये टाका, आकड्यासकट. त्याच बैठकीत त्यांच्या सुट्ट्याही मागून घ्या. ऑगस्टमध्ये जर्मनीतले बरेच जण लांब सुट्टीवर असतात. जपानात २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यात ओबोन. ओबोन म्हणजे त्यांचे पूर्वज घरी येण्याचे दिवस. हे ऐकल्यावर आमच्या लाइनवरच्या एका बाईने, महाळाच्या दिवसांत सुट्टी मागायला आता लाज वाटणार नाही, असं जाहीर केलं.

'का?' ऐकून माफी मागणं

जपानी साहेब रिजेक्ट झालेला पीस हातात घेऊन विचारतो, का? उत्तर दिलं की परत, का? असं पाचदा. आपल्या पोराला वाटतं चौकशी लागली. दुसऱ्या 'का'लाच तो 'सॉरी सर, परत नाही होणार' म्हणतो आणि विषय तिथेच मरतो. साहेबाला माणूस नको असतो, कारण हवं असतं: भोक मोठं झालं, कारण ड्रिल हललं, कारण ड्रिलला सरळ धरणारा बुश झिजला, कारण बुश कधी बदलायचा हे कुठे लिहिलेलंच नाही. माफीने बुश बदलत नाही. आणि हो, पहिलं 'का' आपल्या सुपरवायझरने दरडावून विचारलेलं असेल तर पुढची चार फुकट जातात.

जर्मन माणसाचं 'हे चूक आहे' असंच ऐकायचं. तो ड्रॉइंगबद्दल बोलतोय, तुमच्या घराण्याबद्दल नाही. स्तुतीची वाटही बघू नका. दक्षिण जर्मनीत श्वाबेन भागात म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे पुरेशी स्तुती झाली. 'वाईट नाही' असं ऐकलंत तर घरी पेढे न्या. पण साहेबांनीही चार लोकांसमोर माणसाला उघडं पाडू नये. ज्याला पाडलं तो पुढे सहा महिने तोंड उघडत नाही, आणि त्या सहा महिन्यांत मशीनने दिलेल्या खुणा कुणालाच कळत नाहीत.

भांडण होऊन गेलं असेल तर

मेलला मेल लावू नका, आणि सीसीमध्ये वरिष्ठांची रांग तर मुळीच नको. उठून टेबलाशी जा किंवा फोन करा. "तुम्हाला काय कळलं, ते सांगता?" एवढंच विचारा. निम्म्या वेळा तो भलतंच काहीतरी सांगतो आणि गाठ तिथेच सुटते. बोलणं झाल्यावर ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा. भारतीय मॅनेजर मध्ये असेल तर आधी त्याला सांगा. त्याला डावलून थेट परदेशी साहेबाकडे गेलात तर एक भांडण मिटेल आणि दुसरं जन्मभराचं लागेल.

किरकोळ दोन गोष्टी. जपानी नावाला 'सान' लावायचं, स्वतःच्या नावाला कधीच नाही. आणि जर्मन माणूस संध्याकाळनंतर फोन उचलत नाही म्हणून रुसू नका. दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती हा त्यांच्याकडे कायदा आहे.

शेवटचं घड्याळाचं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे फिरवतात, आपण नाही. त्यामुळे त्यांची सकाळी दहाची बैठक आपल्याकडे दीडची अडीच होते, म्हणजे निदान शीत-कडी (भात-कालवण) गरम पोटात जाते. पण त्यांची दुपारी दोनची बैठक साडेपाचची साडेसहावर जाते आणि आमची पेडण्याची बस सुटते सहाला. ऑक्टोबरच्या त्या सोमवारी मी बैठक सुरू होताच, बस किती वाजता आहे, हे सांगून टाकायचो. पहिल्या वर्षी साहेबाने भुवया उंचावल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्याने आपणहून बैठक तासभर अलीकडे घेतली.