ऑक्युपेशनल थेरपीचा थिसिस: खेड्यातले रुग्ण असतील तर या चुका टाळा

एमओटीएचचा (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा) थिसिस शेवटच्या प्रकरणात अडकला असं वाटतं, पण तो बहुधा सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे आधी मंजुरीसाठी द्यायच्या आराखड्यातच, अडकलेला असतो. ‘आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे ओपीडीत उपचार’ असं लिहून आपण मोकळे होतो. रुग्ण मात्र यवतमाळ-वाशिमकडचे कोरडवाहू शेतकरी नाहीतर मजूर असतात.

जूनमध्ये पेरणी, मग डवरणी-निंदण, ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी. या दिवसांत मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून बोटांच्या व्यायामासाठी कोण येणार? पक्षाघाताचा रुग्ण असेल तर सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. पावसाळ्यात भामरागडसारख्या भागाचा संपर्कच तुटतो. म्हणून एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी कधी येईल याचा अंदाज घेऊनच रुग्णनोंदणीचे महिने ठरवा. फॉलो-अप बाजाराच्या दिवशी ठेवा आणि होम प्रोग्राम (घरी करायचे व्यायाम) मूळ सिनॉप्सिसमध्येच लिहा. नंतर पद्धत बदलायची झाली तर कमिटीची पुन्हा परवानगी लागते, आणि कमिटीची बैठक काही रोज होत नाही.

गळती, म्हणजे मधेच सोडून जाणारे रुग्ण, धरतानाही गणित चुकतं. ४० रुग्ण हवेत आणि २० टक्के गळतील असं वाटत असेल, तर बरेच जण ४८ लिहितात. पण ४८ मधले २० टक्के गेले की ३८च उरतात. ४० ला ०.८ ने भागा, ५० येतील.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजमापाच्या साधनात. हाताच्या दुखापतीसाठी डॅश (हाताने रोजची कामं किती जमतात हे विचारणारी) प्रश्नावली सर्रास घेतली जाते. तिच्या ३० प्रश्नांत सुरीने अन्न कापणं आहे, डोक्यावरचा बल्ब बदलणं आहे, फ्रिसबी किंवा बॅडमिंटनसारखे खेळही आहेत. मळणी यंत्रात बोटं गेलेल्या बाईला हे विचारलं की ती म्हणते, “आमी तं हातानंच जेवतो बाई, सुरी कायले?” तुम्ही रकाना कोरा सोडता. असे तीनपेक्षा जास्त रकाने कोरे राहिले की त्या फॉर्मचा स्कोअर काढताच येत नाही. रुग्ण आला, बसला, उत्तरं दिली, तरी तुमच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीच्या तक्त्यात, तो नाही.

यावर फ्रिसबीच्या जागी विळा घालून मोकळं होऊ नका. प्रश्न बदलला की साधन बदललं, मग आधीच्या अभ्यासांशी तुलना कशाची करणार? अधिकृत मराठी आवृत्ती मिळते का ते पाहा, परवानगी घ्या आणि खेड्यातल्या चार-पाच जणांवर आधी वापरून बघा. ‘गेल्या आठवड्यात तो हात वापरून करता आलं असतं का’ असा अंदाज विचारायची मुभा डॅशच्या सूचनांतच आहे. त्या सूचना बरेच जण वाचतच नाहीत. जोडीला सीओपीएम हे मुलाखतीतून मोजमाप करायचं साधन घ्या. त्यात कामं रुग्णच सांगतो: भाकरी थापणं, बोंडातून कापूस ओढणं, लुगड्याचा काष्टा घालणं. किती जमतं आणि त्यात किती समाधान आहे, याला तो १ ते १० गुण देतो. दोन गुणांचा फरक महत्त्वाचा मानला जातो. माझ्या मते आपल्या विषयाचा खरा थिसिस इथेच आहे, गोनिओमीटरने (सांधा किती वळतो ते मोजणाऱ्या साधनाने) मोजलेल्या अंशांत नाही.

संमतिपत्र मराठीत असलं की झालं, असंही नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणारे रुग्ण येतात, दुभाषा लागतो. निरक्षर रुग्णाचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, आणि त्याची सही तिथल्या तिथे घ्या. उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआयची (चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

संख्याशास्त्रज्ञाकडे सगळा डेटा घेऊन शेवटी जाऊ नका, सिनॉप्सिसच्या वेळीच जा. बार्थेल इंडेक्ससारख्या (रुग्ण रोजची कामं किती स्वतः करतो ते मोजणाऱ्या) क्रमवार गुणांवर सरसकट टी-टेस्ट (सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावली की व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तोच येतो. मधेच सोडून गेलेल्यांची नावं चार्टमधून पुसू नका. रुग्ण ज्या गटात पडला त्याच गटात मोजा आणि का गेला तेही टिपा: ‘वेचणी सुरू’, ‘बस बंद’, ‘सोबतीला कोणी नाही’.