ड्रायर दोनदा लावूनही कपडे दमटच? या चुका टाळा

मुंबईत जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तरी खोलीत दोरीवर टाकलेले कपडे पंख्याखाली रात्रभरात वाळतात. कपडे वाळवतो तो वारा, उष्णता त्याला हातभार लावते. अमेरिकेत आलो की आपण हे विसरतो आणि ड्रायर म्हणजे कपड्यांचा ओव्हन असं समजून चालतो. मीही समजलो होतो. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहाउसमध्ये एका हिवाळ्यात टॉवेल दोन-दोन फेऱ्यांनंतरही दमट निघायला लागले, तेव्हा मी थेट नवं हिटिंग एलिमेंट मागवून बसवलं. टॉवेल होते तसेच. शेवटी बाहेर जाऊन भिंतीवरच्या व्हेंटचा, म्हणजे ड्रायरची हवा बाहेर पडते त्या तोंडाचा, फ्लॅप (झडप) पाहिला, तर तो लिंटच्या, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या, ओल्या बोळ्याने चिकटून बसलेला. पैसे गेले, शनिवार गेला.

हिटरवर आधी संशय घेऊ नका

कपडे गरम पण दमट निघत असतील, मशीनचा वरचा पत्रा चटका देत असेल, लाँड्रीच्या खोलीत कोंदट वाटत असेल, तर उष्णता आहे. वाफ बाहेर जात नाहीये. कपडे गारच निघत असतील तर गोष्ट वेगळी.

ड्रायर चालू ठेवून बाहेर जा आणि फ्लॅपसमोर हात धरा. फ्लॅप नीट उघडलेला हवा आणि हवेचा झोत जोरात लागायला हवा. नुसती कोमट फुंकर येत असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. कुठे, ते शोधायला ड्रायरचा प्लग काढून मागचा डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी) सोडवा, पुन्हा प्लग लावून बिनउष्णतेच्या सेटिंगवर दोन मिनिटं चालवा. मागून जोरदार हवा आली तर दोष डक्टमध्ये. तिथेही हवा मंद असेल तर मशीनच्या आत. पण हा प्रयोग फक्त विजेच्या ड्रायरवर. गॅसच्या ड्रायरचा धूर त्याच डक्टमधून जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्यामुळे तो डक्ट सोडवून कधीच चालवू नका.

ड्रायर भिंतीला चिकटवणं

माझ्या ओळखीत सर्वाधिक घरांत सापडलेली चूक हीच. जागा वाचवायला मशीन मागे ढकलतो आणि मागचा डक्ट चेपतो. तो चकचकीत फॉइलचा, अकॉर्डियनसारखा असेल तर बघायलाच नको. त्याच्या प्रत्येक चुणीत लिंट अडकतो. पांढऱ्या प्लॅस्टिकचा असेल तर आजच काढा, तो पेट घेतो. त्याऐवजी अर्धलवचिक अॅल्युमिनियमचा, शक्य तितका आखूड डक्ट लावा.

भिंतीच्या आतला डक्ट मात्र गुळगुळीत आतल्या बाजूचा, कडक धातूचा आणि ४ इंच व्यासाचा हवा. निवासी बांधकामाच्या नमुना कोडप्रमाणे त्याची लांबी ३५ फुटांपर्यंत चालते, पण प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट वजा होतात आणि ४५ अंशांच्या वळणाला अडीच. म्हणजे तीन काटकोन असले की उरले २० फूट. घराच्या मधोमध, वरच्या मजल्यावर लाँड्री असलेल्या टाउनहाउसांत हे गणित हमखास बिघडलेलं असतं. गावाचा नियम आणि मशीनच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असू शकतो, तोही बघा.

जोडताना आत टोकं निघतील असे स्क्रू मारू नका, त्यांना लिंट लटकतो. आणि डक्ट टेप हे नाव फसवं आहे: कापडी टेपचा गोंद उष्णतेने सुकून सुटतो. अॅल्युमिनियमची फॉइल टेप घ्या.

बाहेर जाळी बसवणं

वसंतात चिमण्या-मैनांच्या जातीचे पक्षी व्हेंटमध्ये घरटं करतात, म्हणून लोक जाळी ठोकतात. मग तीच जाळी लिंटने बुजते. आपोआप मिटणारा फ्लॅप पुरे.

जाळी झटकली म्हणजे झालं, असं मानणं

दारातली लिंटची जाळी प्रत्येक फेरीनंतर झटकायचीच. पण ड्रायर शीट (कपडे मऊ करायला ड्रायरमध्ये टाकतात तो पातळ कागद) वापरत असाल तर जाळीवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट थर बसू शकतो. नळाखाली धरा, पाणी आरपार न जाता साचलं तर कोमट साबणपाण्याने ब्रशने घासा.

डक्टची सफाई वर्षातून एकदा तरी करा. यूएस फायर अॅडमिनिस्ट्रेशनच्या नोंदीनुसार २००८ ते २०१० या काळात घरांतल्या ड्रायरच्या सरासरी २,९०० आगी दरवर्षी लागल्या आणि सफाई न करणं हे त्यामागचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. ड्रिलला जोडायचा लांब ब्रश मिळतो. तो उलट फिरवला की कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश आतच राहतो, तेव्हा ड्रिल आटे घट्ट होतात त्याच दिशेला फिरवा. गॅसची लाइन असेल किंवा व्हेंट छतावर निघत असेल तर जाणकाराला बोलवा.

फ्यूज वगळून मशीन चालवणं

वाट तुंबली की मशीन तापतं आणि थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग, उडतो. काही व्हिडिओंत तो वायरने जोडून टाकायला सांगतात. असं करू नका. नवा फ्यूज लावा, पण आधी डक्ट साफ करा, नाहीतर तोही उडेल.

घरातच हवा सोडणं

हिवाळ्यात फुकटची ऊब म्हणून काही जण डक्टला पाण्याचा डबा जोडून हवा खोलीतच सोडतात. एका मोठ्या फेरीत दोन-तीन लिटर पाण्याची वाफ होऊ शकते. ती भिंतींवर बुरशी होऊन बसते. गॅसच्या ड्रायरबाबतीत तर हे जिवावरचं आहे.

आपल्या घरांपुरतं एक: दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे किंवा बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे. धुतल्यावरही त्यांत तेल राहतं आणि गरम ढिगात ते आपोआप तापून पेटू शकतं. व्हेंट तुंबलेला असेल तर ड्रम आणखीच तापतो. असे पंचे बाल्कनीत किंवा रॅकवरच वाळत घाला. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर भिंतीतला डक्ट स्वतः उचकटू नका. बाहेर हवा येत नाही हे घरमालकाला ईमेलवर लिहून कळवा आणि सोबत फ्लॅपचा फोटो जोडा.