कॅज्युअल्टीत नव्याने लागलेल्या सिस्टरांसाठी: हाणामारी टाळायची कशी, झालीच तर करायचं काय

पोरींनो, पोस्टिंग मिळालं की इमर्जन्सी ट्रे नंतर लावा, आधी तुमचं टेबल कुठं आहे ते बघा. तुम्ही आणि दार यांच्यामध्ये नातेवाईक उभे राहत असतील तर टेबल हलवा. मला हे कळायला नोकरीची अकरा वर्षं जावी लागली. धुळवडीची संध्याकाळ होती. मोटारसायकलवरून पडलेला विशीतला मुलगा आणि त्याच्यासोबत चौदा-पंधरा जण, सगळे रंगलेले, निम्मे प्यालेले. डोक्याला मार, आमचं सीटी मशीन बंद, म्हणून रेफर करायचं, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. 'रेफर' शब्द ऐकला आणि एकानं सलाइनचा स्टँड उचलला. मी कोपऱ्यात, पुढ्यात टेबल, टेबलापलीकडे ते. स्टँडचं चाक माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलं. तिथला उडालेला पोपडा माझी बदली होईपर्यंत तसाच होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉय मामांना हाताशी घेऊन मी टेबल फिरवलं. परवानगी कुणाची घेतली नाही.

पण टेबलापेक्षा मोठी चूक वेगळी होती. पाऊण तास आम्ही आत धावत होतो. टाके, सलाइन, अँब्युलन्सला फोन. बाहेर मात्र कुणी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांना फक्त बंद दार दिसत होतं, आणि मधूनच हसत बाहेर येणारा एक इंटर्न. तो कशाला हसला देव जाणे.

म्हणून दर पंधरा मिनिटांनी एकीनं बाहेर यायचंच. नवीन काही नसलं तरी यायचं. "टाके झाले, बीपी अजून कमी आहे, अँब्युलन्स सांगितली आहे, अर्ध्या तासात निघेल," एवढं बोललं तरी पुरतं. घोळक्याशी बोलू नका. "पेशंटचं जवळचं कोण?" असं विचारा आणि त्यातला एक माणूस धरा. पुढारी नको, तो दहा मिनिटांपूर्वी आलेला असतो. बहुतेक वेळा एखादा मेव्हणा किंवा मामा गप्प उभा असतो, तोच कामाचा. केसपेपर, रक्ताची चिठ्ठी ही कामं त्याच्याकडे द्या. पण कटवायचं म्हणून खोट्या कामाला पिटाळू नका. परत आल्यावर तो दुप्पट चिडलेला असतो.

"शांत व्हा" म्हणू नका. आजवर त्यानं कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही.

आरडाओरडा करणाऱ्याची मला फार भीती वाटत नाही. बोलता बोलता अचानक गप्प होणारा, "या रे पोरांनो इकडे" म्हणून फोन लावणारा, मोबाईल तुमच्या तोंडासमोर धरणारा, दाराकडे आणि तुमच्याकडे आलटून पालटून बघणारा, यांच्यावर नजर ठेवा. असं दिसलं की आमच्याकडे "मावशी, मोठी टॉर्च आणा" म्हणायचं. मोठी टॉर्च नव्हतीच. मावशी सरळ पोलीस चौकीकडे निघायच्या. तुमच्या आवारात चौकी नसेल तर ११२. गळ्यातला स्टेथो खिशात, आयकार्डची दोरी काढलेली. ओढायला दोन्ही सोयीचे असतात.

मृत्यू सांगताना सगळ्यात जास्त जपायचं. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या कधीच नाही. सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे ड्यूटीवरचे डॉक्टर, आणि तुम्ही, दोघं मिळून, जवळच्या दोन-तीन माणसांना खुर्चीवर बसवून सांगा. त्याआधी सुरक्षारक्षक दाराबाहेर आलेला असू दे, पण खोलीत नको. "गेले" हा शब्द स्पष्ट वापरा. "आम्ही प्रयत्न केले" एवढ्यावर थांबलात तर माणूस जिवंत आहे असंच ऐकलं जातं. मग गप्प बसा, रडू द्या, चेहरा बघू द्या. कागदपत्रांचा विषय नंतर.

एवढं करूनही हात उठलाच तर आधी बाहेर पडा. मशीन फुटलं तर फुटू दे. नंतर स्वतःचा केसपेपर काढा, जखमेची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करून घ्या, साधं खरचटलेलं असलं तरी. घडलेलं त्याच रात्री लिहा, शिव्या जशाच्या तशा, वेळेसकट. सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागा, जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं.

आपल्या राज्यात यासाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारी असो वा खाजगी, डॉक्टर, नर्स, विद्यार्थिनी सगळे त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. ठाण्यात या कायद्याचं नाव घेऊन सांगा, नाहीतर नुसती किरकोळ मारहाण लिहून मोकळे होतात. सरकारी नोकरीत असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी हल्ला) पण लावायला सांगा. तक्रार शक्यतो संस्थेनं करावी, एकट्या मुलीनं नाही. कोलकात्याच्या रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या रुग्णालयांना तसंच बजावलं: संस्थाप्रमुखानं सहा तासांच्या आत एफआयआर करायचा. तुमचं रुग्णालय केंद्राचं नसलं तरी ते पत्रक साहेबांच्या टेबलावर ठेवा.

धुळवडीच्या त्या प्रकरणात सकाळी सातला माफीनामा आला. "पोरगं आहे, नोकरी जाईल, मिटवून टाका." रात्रभर जागलेली मी, सही करून घरी गेले. त्या कागदाची झेरॉक्ससुद्धा मला मिळाली नाही. तुमच्यापुढे असा कागद आला तर म्हणा, ड्यूटी संपू दे, घरी जाऊन झोपते, उठल्यावर बघू.